चेंडूचा जोर कुठे संपतो? प्रथम वर्षाच्या वर्गातलं एक प्रकरण

एकाच उत्तरपत्रिकेत, एकाच पानावर, एकाच मुलाने दोन गोष्टी लिहिल्या होत्या.

वरच्या अर्ध्या पानात गणित होतं. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल आणि माथ्यावर पोचायला किती वेळ लागेल? उत्तर बिनचूक: १९.६ मीटर, २ सेकंद. सूत्र, किमती, एककं, उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. खालच्या अर्ध्या पानात आकृती होती. तोच चेंडू वर जाताना, अगदी माथ्यावर आणि खाली येताना त्यावर कोणती बलं आहेत ते बाणांनी दाखवा, हवेचा विरोध धरू नका. वर जाणाऱ्या चेंडूवर त्याने वरच्या दिशेने एक जाड बाण काढला होता आणि खालच्या दिशेने एक बारीक. माथ्यावर बाणच नाही, नुसतं 'फोर्स झीरो'. खाली येताना खाली एक बाण.

गणितात त्याने सगळ्या प्रवासासाठी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, उणे ९.८ धरलं होतं. म्हणजे माथ्यावरही ९.८. आणि चार बोटं खाली तोच मुलगा माथ्यावर बल शून्य म्हणत होता. वस्तुमान आहे, त्वरण आहे, बल मात्र नाही! न्यूटनचा दुसरा नियम, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, पहिल्या प्रश्नात त्याने स्वल्पविरामासकट लिहिला होता.

मी लाल पेनाने 'फोर्स झीरो'भोवती गोल केला, शेजारी 'ग्रॅव्हिटी?' लिहिलं, तीनपैकी एक मार्क दिला आणि पुढचा पेपर ओढला. वीसपैकी सतरा. त्या अंतर्गत परीक्षेत वर्गातल्या चांगल्या मार्कांपैकी एक. या प्रकरणातली पहिली चूक तो लाल गोल, आणि ती माझी.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्ष बी.एस्सी.ला मेकॅनिक्स शिकवते. या मुलाचं नाव इथे लिहीत नाही. तो जुन्नर तालुक्यातला, त्यामुळे वर्गातली पोरं त्याला 'जुन्नर' म्हणायची. मीही तेच म्हणते.

जुन्नरचं गाव नारायणगावच्या बाजूला. घरी टोमॅटो आणि थोडा कांदा. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, मग अकरावीला विज्ञान घेतल्यावर रातोरात सगळं इंग्रजीत. गावापासून जवळच खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं आणि आजूबाजूच्या शाळांची पोरं बसा भरभरून येतात. जुन्नरने सहावीत असताना तिथे पहिल्यांदा तबकडी वळताना पाहिली होती. 'एवढं मोठं धूड, आवाज न करता फिरत होतं मॅडम,' हे त्याने मला नंतर कधीतरी सांगितलं. सीईटीला मार्क कमी पडले, घरच्यांचा कल कॉम्प्युटरकडे होता, याने भांडून फिजिक्स घेतलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. एका खोलीत पाच जण, त्यातले चार एमपीएससीचे.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की हा मुलगा नाइलाजाने वर्गात येऊन बसलेला नव्हता.

पेपर वाटले त्या दिवशी तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. 'मॅडम, इथं दोन मार्क कशाला कापले?' मी सांगितलं, गुरुत्वाकर्षण माथ्यावरही असतं. तो म्हणाला, 'हां, ते असतंयच. पण तिथं जोर संपलेला असतो ना.' मी म्हणाले, 'जोरबीर काही नसतं. फोर्स म्हण. आणि फोर्स आहे, खालच्या दिशेने, एमजी.' तो 'येस मॅडम' म्हणून गेला.

ही दुसरी चूक. वर्गात इंग्रजीत तोंड न उघडणाऱ्या मुलाने त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला एका वाक्यात, नेमक्या शब्दात सांगितलं होतं, आणि मी तो शब्दच त्याच्या हातातून काढून घेतला.

दोन आठवड्यांनी त्याच्या प्रयोगातल्या जोडीदाराकडून कळलं, की जुन्नर विषय बदलायच्या विचारात आहे. बोलावून विचारलं तर आधी 'नाही, तसं काय नाही'. मग बराच वेळ वहीचा कोपरा मुडपून झाल्यावर म्हणाला, 'मॅडम, मला फिजिक्स सोडवता येतं. कळत नाही.' शनिवारी वाकडेवाडीहून एसटीने घरी गेला होता, तेव्हा त्याने नववीचं विज्ञानाचं पुस्तक शोधून काढलं होतं. त्यातला पहिलाच धडा 'गतीचे नियम'. मराठीत वाचलं तर कळेल असं त्याला वाटलं होतं. वाचला, सगळं ओळखीचं निघालं, आणि चेंडूचं चित्र डोक्यात होतं तसंच राहिलं.

त्यामुळे 'मराठी माध्यमाची मुलं, इंग्रजीमुळे अडतात' हे आमच्या स्टाफरूममधलं लाडकं निदान इथे तरी लागू पडेना. मराठीतून वाचूनही अडलंच होतं.

खरं तर ही अडचण नवी नाही, आणि शिक्षक म्हणून मला ती माहीत असायला हवी होती. माहीत होतीही, कागदावर. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना नाणं वर फेकण्याचा हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेचा बाण काढला. १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पनेवरची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात गणित करायचं नसतंच, फक्त काय होईल आणि का ते सांगायचं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? हा किस्सा मी स्वतः प्रशिक्षण वर्गात सांगितलेला आहे, आणि लोक हसले आहेत. जुन्नर तेच विचारत होता, फक्त त्याने प्रश्नचिन्ह घातलं नव्हतं.

मग मी ठरवलं की त्याला प्रयोगाने दाखवायचं. इथे फजिती झाली, तीही लिहिते.

फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. फोनमधला त्वरणमापक त्यात वाचता येतो. माझा जुना फोन, रबरी कव्हर, जिमखान्यातून आणलेली गादी. फोन वर उडवायचा, गादीवर पडू द्यायचा आणि आलेख बघायचा. चार-पाच पोरं जमली. फोन टेबलावर असताना आकडा ९.८. हाताने उडवताना एक टोक वर गेलं, आणि हात सुटल्यापासून गादीवर आपटेपर्यंत सपाट रेघ. शून्याच्या आसपास.

'बघा मॅडम,' जुन्नर म्हणाला. 'माथ्यावर झीरो.'

मला घाम फुटला. उत्तर मला ठाऊक होतं. त्या मापकात स्प्रिंगसारख्या आधारावर बसवलेलं एक अतिसूक्ष्म वस्तुमान असतं, आणि आधार किती ताणला गेला तेवढंच तो सांगतो. फोन मोकळा पडत असताना ते वस्तुमान आणि फोनचा सांगाडा दोन्ही बरोबरीने पडतात, ताण येतच नाही, म्हणून शून्य. गुरुत्वाकर्षण गायब झालेलं नसतं. पण हे सांगताना मी संदर्भ चौकटीत शिरले, मग आइन्स्टाइनपर्यंत गेले, आणि पोरांच्या चेहऱ्यावर ते सुप्रसिद्ध आदरयुक्त रिकामेपण आलं. गादी परत करायला जाताना जुन्नर मागून म्हणाला, 'पण मॅडम, वर जाताना पण झीरोच होता. मग वर जात होता कशानं?'

सोन्यासारखा प्रश्न. त्याच्या स्वतःच्या आकृतीतला तो जाड बाण फोनला दिसलाच नव्हता, आणि हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मी म्हणाले, 'उद्या बोलू, मला लेक्चर आहे.'

तो 'उद्या' चार दिवसांनी उजाडला, कॅन्टीनमध्ये. मी चहा घेतला, त्याला वडापाव सांगितला, आणि म्हणाले, 'एक अट. इंग्रजी शब्द वापरायचा नाही. फोर्स नाही, बलसुद्धा नाही. तू तुझ्या वडलांना सांगशील तसं सांग, चेंडू वर का जातो आणि खाली का येतो.'

तो सुरू झाला तो थांबेचना. 'आपण जोर लावतो. तो जोर चेंडूत जातो. म्हणून तो जोरात वर जातो. जाता जाता जोर कमी होतो. वर गेल्यावर संपतो. मग खाली येतो.' मी विचारलं, गुरुत्वाकर्षण? 'ते असतंय की, पण जोर असेपर्यंत त्याचं चालत नाही.'

चार वाक्यांत चार वेळा जोर. वही काढून मी ती वाक्यं उतरवून घेतली आणि प्रत्येक 'जोर'खाली रेघ मारली. 'जोर लावतो' यातला जोर म्हणजे बल. हात आणि चेंडू यांच्यामधली गोष्ट, हात सुटला की संपली. 'चेंडूत जातो' यातला जोर बल नव्हेच. पाठ्यपुस्तकातल्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) जवळचं काहीतरी, किंवा गतिज ऊर्जा. 'जोरात' म्हणजे सरळसरळ वेग. आपण 'रिक्षा जोरात चालली होती' म्हणतो तेव्हा इंजिन किती ढकलतंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं.

आपल्या भाषेत हा शब्द किती ठिकाणी कामाला आहे ते एकदा ऐकायला लागलं की कान किटतात. तालमीत जोर मारतात. 'जोर लगाके हैश्या' म्हणत रुतलेला टेम्पो काढतात. तापाचा जोर उतरतो. आणि दर पावसाळ्यात पेपरात मथळा असतोच: पावसाचा जोर ओसरला, खडकवासल्यातून विसर्ग घटवला. इथे जोर ही साठवलेली, हळूहळू खर्च होणारी चीज आहे. जुन्नरचा चेंडू अगदी या मथळ्याप्रमाणे वागत होता. शाळेत या मुलाला 'बल' शिकवलं, कॉलेजात 'फोर्स' शिकवला, आणि 'जोर' कुणी शिकवला नाही, कारण तो त्याच्याकडे आधीपासून होता. नवे दोन्ही शब्द त्याच्यावर लेबलासारखे चिकटले. आत माल जुनाच.

हा माल काही अडाणी नाही. वैशेषिक सूत्रं या प्राचीन भारतीय दर्शनग्रंथाच्या पाचव्या अध्यायात बाणाच्या उड्डाणाची चर्चा आहे. बाणाची पहिली हालचाल ढकलण्याने, पुढची त्याच्यात निर्माण झालेल्या संस्काराने, आणि मग सूत्र येतं: संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्. संस्कार उरला नाही की जडपणामुळे पडणं. जुन्नरचं वाक्य संस्कृतात! (आपल्या पूर्वजांना न्यूटनचे नियम ठाऊक होते असं सांगणाऱ्यांनी हे सूत्र जरूर वाचावं. ते अतिशय सुंदर आहे, पण न्यूटनचं नाही.) सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस आणि चौदाव्यात पॅरिसचा बुरिदाँ हे तत्त्वज्ञ याच वाटेने गेले. तरुण गॅलिलिओ पिसात असताना, १५९० च्या सुमाराला, हेच मानत होता: फेकलेल्या वस्तूत भरलेला जोर ओसरत जातो आणि माथ्यावर तो वजनाइतका उरतो. त्याच गॅलिलिओचं गतीवरचं पक्कं पुस्तक १६३८ चं, आणि न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ चं. एवढ्या जणांना एवढा काळ लागला, आणि आम्ही ते दोन लेक्चरात उरकतो.

शिवाय जुन्नरच्या बाजूने त्याचा सगळा जन्म साक्षीला होता. वीस किलोचं टोमॅटोचं कॅरेट शेडच्या फरशीवरून ढकललं तर ढकलताय तोवर जातं, सोडलं की थांबतं. सुट्टीत दिवसाला अशी शंभर कॅरेटं सरकवणाऱ्या मुलाला 'बाह्य बल नसेल तर वस्तू आपली गती कायम राखते' हे वाक्य पुस्तकातच बरं वाटणार.

कॅन्टीनमध्ये मी त्याला फक्त एक विचारलं. 'एसटीत उभा असतोस. ड्रायव्हरने ब्रेक मारला. तू पुढे जातोस. तुला पुढे कुणी ढकललं?'

'कुणी नाही.' मग थोडं थांबून, 'मी जातच होतो की. गाडी थांबली.'

'मग हात सुटल्यावर चेंडूला वर कोण ढकलतं?'

त्याने वडापाव खाली ठेवला. उत्तर दिलं नाही, आणि मीही या वेळी तोंडात आलेलं लेक्चर गिळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साधा प्रयोग केला, कुठल्याही ॲपशिवाय. प्रयोगशाळेतल्या मामांनी दोन लाकडी मीटरपट्ट्या एकावर एक अशा भिंतीला चिकटपट्टीने उभ्या लावल्या. भिंतीला लागून टेनिसचा चेंडू वर फेकायचा आणि फोनवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटी, चित्रीकरण करायचं. पहिल्या फेऱ्या वाया गेल्या. ट्यूबलाइटची लुकलुक एरवी डोळ्यांना दिसत नाही, स्लो मोशनमध्ये सगळं चित्र भगभगायला लागलं. मग पट्ट्या काढून व्हरांड्यात, उन्हात. चेंडू भिंतीपासून लांब गेला की पट्टीवरचा आकडा चुकायचा, म्हणून फेकणारा बदलला. सातव्या-आठव्या प्रयत्नात एक बरी फेक मिळाली.

दर चोविसावी चौकट, म्हणजे एक दशांश सेकंदाला एक नोंद. जुन्नर चौकटी पुढे सरकवत होता, जोडीदार लिहीत होता. पहिल्या नोंदीपासूनची उंची, सेंटिमीटरमध्ये: ०, २५, ४०, ४६, ४२, २८, ४.

मी म्हणाले, आता प्रत्येक दशांश सेकंदात किती सरकला ते काढा. २५, १५, ६, उणे ४, उणे १४, उणे २४.

'आता या आकड्यांमध्ये दर वेळी किती फरक पडला?'

१०, ९, १०, १०, १०.

जुन्नरने ती शेवटची ओळ दोनदा तपासली. मग बोट सहावरून उणे चारवर नेलं, परत मागे आणलं. 'मॅडम, यात माथा कुठंय?'

माथा त्या सहा आणि उणे चारच्या मध्ये कुठेतरी होता, आणि त्या जागी काहीही विशेष घडलं नव्हतं. वर जाताना दर दशांश सेकंदाला दहा सेंटिमीटरची घट, माथा ओलांडताना दहाची, खाली येतानाही तेवढीच. माथ्यावर बल शून्य झालं असतं तर तिथे फरकही शून्य यायला हवा होता. एक ९ आहे तो पट्टी वाचण्यातल्या चुकीचा. २५ पासून उणे २४ पर्यंत ४९, पाच पायऱ्या, सरासरी ९.८; दशांश सेकंदाच्या हिशोबातले हे सेंटिमीटर सेकंदाच्या हिशोबात तेवढेच मीटर होतात. पुण्यात गुरुत्वत्वरण साधारण ९.७८ आहे. लाकडी पट्टी आणि टेनिसच्या चेंडूकडून याहून जास्त मागणं म्हणजे लोभ.

'म्हणजे हे पहिल्यापासूनच खाली ओढतंय,' तो म्हणाला. 'वर जाताना पण. तेवढंच.' आणि मग, जोडीदाराकडे वळून, मला वगळून: 'जोर लावतो तो हात. जोरात जातो तो चेंडू. चेंडूकडं जोर नसतोच.'

हे वाक्य मी शिकवलेलं नाही. मला सुचलंही नव्हतं. 'जोर लावणे' आणि 'जोरात असणे' हा फरक मराठी बोलणारा प्रत्येक जण दिवसभर अचूक पाळतो. जे व्याकरण त्याला गोत्यात आणत होतं, त्याच्याच एका विभक्तीने तो बाहेर आला. लावायचा जोर नाम, आणि जोरात हे क्रियाविशेषण, जाण्याची तऱ्हा. मी कॉलेजात आल्यापासून मुलांना 'जोर म्हणू नका' सांगत आले, आणि उत्तर त्या शब्दातच पडलं होतं.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर हे प्रकरण मातृभाषेच्या गौरवाकडे घरंगळेल. कोथरूडहून येणारी, बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली एक मुलगी त्याच वर्गात होती. तिच्याही आकृतीत वरच्या दिशेचा बाण होता, आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं की चेंडूचा फोर्स हळूहळू संपतो. क्लेमंटचे अमेरिकन विद्यार्थी तर मराठीचा गंधही नसलेले. तेव्हा चूक भाषेतून येते असं माझं म्हणणं नाही. ती घर्षणाने भरलेल्या जगात राहण्यातून येते. पण ती चूक प्रत्येकाच्या डोक्यात कोणत्या शब्दात राहते, ते मात्र त्याच्या बोलीतच सापडतं. त्या मुलीशी बोलताना मला जास्त वेळ लागला. तिच्याकडे घरचा वेगळा शब्द नव्हता. लेबल आणि माल दोन्हींवर 'फोर्स' असंच लिहिलेलं होतं, त्यामुळे कुठला कुठे आहे ते सुटं करायला बोटं घालायलाच जागा मिळेना. तिला शेवटी ती उंचीची ओळच उपयोगी पडली.

जुन्नरने विषय बदलला नाही. पण लगेच सगळं उलगडलं असंही झालं नाही. तिसऱ्या नियमापाशी तो पुन्हा अडला: बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला ओढते, मग गाडी हलते कशी? तिथे शब्दांचा घोळ नव्हता, कोणतं बल कुणावर लागतं याचा होता, आणि बैलाच्या खुरांनी जमिनीला मागे रेटणं वेगळ्या चित्रात काढल्यावर तो सुटला. वर्तुळाकार गतीत वळणावर 'बाहेर फेकणारा जोर' पुन्हा हजर झाला. कात्रजच्या घाटातल्या वळणाची आकृती त्याने तीनदा खोडली. चेंडूच्या बाबतीत पक्कं झालेलं गोफणीच्या दगडाला आपोआप लागू होत नाही, हे मला या निमित्ताने नीट दिसलं.

सत्र परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नियम लिहा, सिद्ध करा, गणित सोडवा. त्याचे मार्क अंतर्गत परीक्षेत होते त्याच पट्टीतले आले. त्या पेपरात असा एकही प्रश्न नव्हता की ज्यात ऑगस्टमधला जुन्नर आणि नोव्हेंबरमधला जुन्नर वेगळे दिसले असते. हे मी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांवर ढकलत नाही, मी स्वतः तसेच पेपर काढत आले आहे. एवढंच केलं, की माझ्या अंतर्गत परीक्षेत आता प्रत्येक गणिताखाली आकृती असते, आणि आकृतीखाली दोन ओळी 'हे कोणालाही कळेल असं, हव्या त्या भाषेत लिहा'. तपासायला दुप्पट वेळ लागतो. काही मुलं त्या दोन ओळी कोऱ्या सोडतात, कारण गाइडमध्ये त्याचं उत्तर नसतं.

नंतर प्रयोगशाळेत फ्लायव्हीलचा प्रयोग लागला. भिंतीला बसवलेलं जड चाक, आसाला दोरा गुंडाळलेला, दोऱ्याला वजन. वजन सोडायचं, चाक फिरू लागतं, ठरलेल्या फेऱ्यांनंतर दोरा आसावरून सुटतो. त्यानंतर चाक थांबेपर्यंत किती फेऱ्या घेतं ते मोजायचं, आणि त्यावरून घर्षणाचा हिशोब करून जडत्वाचं परिबल, म्हणजे चाकाचं फिरणं बदलायला किती जड जातं त्याचं माप, काढायचं. वर्षानुवर्षं पोरं जर्नलमध्ये आकडे भरतात आणि सही घेऊन जातात.

जुन्नरच्या गटात त्या दिवशी एक नवा मुलगा होता, बॅच बदलून आलेला. पहिल्या खेपेला दोरा सुटल्यावर चाकाने एकतीस फेऱ्या घेतल्या. मी पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी स्क्रू गेज बघत होते, तेव्हा नव्या मुलाचा आवाज आला: 'झालं, जोर संपला. लिही एकतीस.'

जुन्नर मामांकडे गेला, तेलाची बुधली घेऊन आला आणि बेअरिंगमध्ये चार थेंब सोडले. तेवढंच वजन, तेवढ्याच फेऱ्या दोऱ्याच्या, पुन्हा सोडलं. चाक फिरत राहिलं. नवा मुलगा मोठ्याने मोजत होता. एकतीस गेले, पस्तीस गेले, चव्वेचाळीसला चाक थांबलं.

'मगाशी जोर संपला होता ना?' जुन्नर म्हणाला. 'मग हा आला कुठनं? तेलात असतो होय?'

नवा मुलगा चाकाकडे बघत राहिला. मी स्क्रू गेजमध्ये मान घातली आणि तिकडे गेले नाही.